नानांची झील

उरूस भरला की आमच्या कॉलनीपर्यंत कव्वाली ऐकू येते. परभणीतली थंडी तोवर नावालाच उरलेली असते. दुपारी ऊन चटचटतं, संध्याकाळी मात्र शाल घ्यावीशी वाटते. अशात वारा फिरला की भोंग्याचा आवाज थेट माझ्या खिडकीत. सूनबाई लगबगीनं येते, खिडकी लावते, म्हणते, "बाबा, तुम्हाला त्रास होतो ना आवाजाचा?" मी हो म्हणतो. आता तिला काय सांगत बसू? पुढचा कव्वाल ओळ सोडतो आणि मागचे ती उचलतात, त्या मधल्या एका श्वासाचा मला त्रास होतो. एवढं सांगायचं तर मागचं सगळंच सांगावं लागेल, आणि खरं सांगू, मला आताशा कुठलीच गोष्ट पहिल्यापासून सांगायचा कंटाळा येतो.

कंटाळा तरी कसला! थकवाच तो. नोकरी झाली, घर झालं, मुलं मार्गी लागली, जवळची माणसं एकेक करून पोचवून आलो. त्या सगळ्याचा शीण झोपेनं जातो. एका माघाचा शीण तेवढा जात नाही. दरसाल ज्वारीच्या कणसात दाणा भरतो, रानात हुरड्याच्या आगट्या पेटतात, उरुसाचे पाळणे उभे राहतात आणि तो माघ येऊन माझ्या उशाशी बसतो.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मराठवाडा अजून हैदराबादशीच जोडलेला होता. बोरीच्या पोरानं शहर गाठायचं म्हणजे हैदराबादच. मुंबई-पुणं आमच्या हिशेबातच नव्हतं. मी उर्दूत शिकलेला, चोवीस वर्षांचा, महसुली कचेरीत अहलकार, म्हणजे साधा कारकून. जुने उर्दू कागद वाचायचे आणि नव्या साहेबांसाठी इंग्रजीत उतरवायचे, हे माझं काम. संध्याकाळी पाच वाजता डोळे चुरचुरायला लागायचे. खोलीवर जाऊन पडावं तर पडवत नसे. मग मी हिंडायचो.

कुठली गल्ली कुठं निघते हे मला आज सांगता येणार नाही. कुठं काय वाजायचं ते मात्र विचारा. आबिद रोडजवळ एका इराण्याच्या हॉटेलात गल्ल्याशेजारी रेडिओ होता. एक चहा घेऊन तासभर बसायचं. गाणं रंगात आलं की इराणी स्वतःच आवाज वाढवायचा आणि बातम्या लागल्या की खटकन बंद करायचा. गुरुवारी नामपल्लीच्या दर्ग्यात कव्वाली. चपला काखेत मारून गार फरशीवर बसायचं, शेजारी कोण आहे ते कुणी बघत नसे. हमाल, वकील, भिकारी, सगळे एका रांगेत. लग्नसराईत तर मजाच मजा. कुठल्याही मांडवाबाहेर उभं राहावं, आत पडद्यामागं बायका ढोलकवर गाणी म्हणत असायच्या, विहिणीची टर उडवायच्या आणि बाहेर आम्ही फुकटे हसायचो. पत्थरगट्टीच्या मागं एका बोळात वाद्यं दुरुस्त करणारे बसायचे. दिवसभर ते खुंट्या ठोकायचे, कातडं ताणायचे; संध्याकाळी गिऱ्हाईक आटलं की तीच दुसऱ्यांची वाद्यं मांडीवर घेऊन आपसात वाजवत बसायचे. तिथंच मला गफूरमियाँ भेटले. सारंगी वाजवायचे. किडकिडीत म्हातारा, नखं कायम सोललेली, पान खाऊन ओठ लाल. मी रोज येऊन बसतो हे बघून त्यांनी एके दिवशी विचारलं, "गाँव कौनसा मियाँ?" बोरी त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण परभणीचा उरूस माहीत होता. तिथं ते एकदा वाजवून गेले होते.

त्यांच्याच पाठोपाठ मी मूसी नदी ओलांडून, चारमिनार मागं टाकून मेहबूब की मेहंदीत जायला लागलो. लोक त्या मोहल्ल्याचं नाव हळू आवाजात घ्यायचे. दिवेलागणीच्या सुमाराला तिथं गेलं की आधी मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास, मग कबाबांचा धूर, मग वरच्या मजल्यांवरून सारंग्या जुळवल्याचे आवाज. पन्नास खिडक्यांतून एकाच वेळी कुरकुर चालायची, हळूहळू एकेक सूर ठिकाणावर यायचा. जहागिरी गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर ऐकणारेही गेले. निम्म्या खिडक्या अंधाऱ्या. ज्या उजळलेल्या होत्या तिथं गाणाऱ्या बायका दमलेल्या दिसायच्या. कुणी येईल म्हणून नटून बसायचं, कुणी आलं नाही की तसंच उठायचं. त्या सालात मला ते सगळं शहरच दमल्यासारखं वाटायचं. राज्य बदललं होतं आणि उद्या आपलं काय, हे कुणालाच उमगत नव्हतं.

पण मी तरुण होतो, आणि मला तिथं एक नवा माज चढला होता. ऐकायचं कसं, ते मी शिकलो होतो. बैठकीत मांडी कशी घालायची, पान कुठल्या हातानं घ्यायचं, मान कधी हलवायची, "वाह" कुठं म्हणायचं आणि कुठं अजिबात म्हणायचं नाही. सगळ्यात मोठा कायदा एकच: ऐकणाऱ्यानं गप्प बसायचं. दाद द्यायला तेवढं तोंड उघडावं, तेही बेतानं. बाईनं ओळ सोडली की ती उचलायची सारंगीनं. तो सारंगीचा हक्क. मी हे सगळं पाठ केलं होतं. कचेरीत मला लोक "दत्ताजी साहब" म्हणायचे आणि मला ते आवडायचं. बोरीच्या देवळातल्या गुरवाचा दत्तू मी कुठं तरी टाकून दिला होता. आता कबूल करायला काय जातंय?

आमचे वडील, नाना, बोरीच्या महादेवाचे गुरव. पहाटे पूजा, घरोघर बेल पोचवणं, पळसाच्या पत्रावळी लावणं आणि सोमवारी देवळात भजन. भजनात बुवा पुढं बसून चरण म्हणतात, शेवट अर्ध्यावर सोडतात, आणि मागच्यांनी तो उचलून परत म्हणायचा. त्याला आमच्याकडं झील धरणं म्हणतात. नाना झीलकरी. जन्मभर. तीन बुवा होऊन गेले, नाना तेच. पुढं बसून त्यांनी कधी एक अभंग सांगितला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "पुढचं बुवाचं. आपलं मागचं बरं हाय." पण आवाज असा उंच आणि सरळ, की पार देवगाव फाट्यापर्यंतची भजनी मंडळं त्यांना सप्त्याला गाडी जुंपून न्यायची. नाना मागं बसले की बुवाला जोर यायचा.

त्यांचा एक नेम होता. लहानपणी मला टाळ शिकवताना त्यांनी सांगितला होता. "दत्तू, चरण भुईवर पडू द्यायचा न्हाई. बुवानं सोडला की आपन झेलायचा. न्हाई झेलला तर देवाच्या म्होरं त्यो मानूस एकला पडतो." नानांना दुसरं शास्त्र येत नव्हतं. राग, ताल, घराणं, काही नाही. सूर लागला आहे की नाही, एवढं मात्र त्यांना आपल्या श्वासाइतकं कळायचं.

मी घरी पोस्टकार्डं टाकायचो, त्यांत बढाया मारायचो. अमक्याची कव्वाली ऐकली, तमकीची ठुमरी ऐकली. परभणीच्या एका हॉटेलात नानांनी रहमतबाई नावाच्या गाणारणीची तबकडी ऐकली होती, आणि बाजाराला गेले की ते हॉटेलवाल्याला तीच लावायला सांगायचे. मी लिहिलं, ही बाई इथंच राहते, आमचे गफूरमियाँ तिच्या साथीला असतात. पुढं उगाच एक ओळ जोडली: एकदा या, ऐकवतो. लिहायचं म्हणून लिहिलं हो! माघ लागला आणि नाना काचीगुड्याच्या ठेसनावर येऊन उभे. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात गाठोडं.

"अहो नाना, कळवायचं तरी!"

"तूच लिवलंस ना, या म्हून? आलो. पूजा तुज्या काकाकडं दिलीया आठ दिस." गाठोडं पुढं करून म्हणाले, "हुरडा हाय. भाजून, वाळवून आनलाय. कारळाची चटनी दिलीया तुज्या मायनं. लय वाळलास रं."

पाच दिवस मी त्यांना शहरभर फिरवलं. दमायचो मी, ते नाही. कचेरीतून येऊन मी चपला काढतोय तोवर नाना पटका बांधून दारात. "चल, आज कुटं?" इराण्याच्या हॉटेलात ते रेडिओकडं तोंड करून, हात जोडून बसले. गाणाऱ्याकडं पाठ करायची नाही म्हणे. इराणी हसला, पण त्यानं त्या दिवशी बातम्या लागल्यावरही रेडिओ बंद केला नाही. वाद्यांच्या बोळात नानांनी मृदंगावर थाप मारून बघितली आणि कारागिराला दक्खनीत सांगितलं, "शाई जरा ज्यादा हुई मियाँ." कारागिरानं मान डोलावली. मी मात्र तोवर अवघडून घामाघूम झालो होतो.

दर्ग्यात तर नाना लहान पोरासारखे खूश झाले. पुढचा कव्वाल ओळ सोडतोय, मागचे टाळ्या वाजवत ती उचलताहेत. नानांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "आरं, हे तर आपलंच हाय की! ह्यो सोडायलाय, त्ये झेलायलेत!" आणि तेही मागच्यांबरोबर गुणगुणायला लागले. कुणी काही बोललं नाही. दर्ग्यात कोण काय म्हणतंय हे कोण बघतो? मी तेव्हाच सांगायला हवं होतं की नाना, बैठकीत असं करायचं नसतं. सांगितलं नाही. जेव्हा बोलायला हवं तेव्हा गप्प बसायचं आणि नको तेव्हा बोलायचं, हे माझं जन्माचं.

सहाव्या दिवशी गफूरमियाँनी निरोप दिला, बाई आज दिवे लागताना बसणार आहेत, अब्बाजान को लेकर आओ. अरुंद दगडी जिना, वर लांबट खोली, पांढरी चादर, चादरीला दोन ठिकाणी रफू. पंधरा-वीस माणसं असतील. शेरवानी घातलेले दोन जुने जहागीरदार, चार कापडाचे व्यापारी, माझ्याच कचेरीतले एक वरचे अंमलदार. त्यांना बघून मी चपापलो. पटका बांधलेल्या नानांना मी भिंतीकडेला बसवलं आणि मधे आपण बसलो, म्हणजे ते फारसे दिसणार नाहीत.

रहमतबाई आल्या. पन्नाशीच्या असतील, कपाळावर घाम, डोळ्यांखाली काळं. तबकडीतल्या आवाजापेक्षा त्यांचा आवाज किती तरी थकलेला होता. त्यांनी ठुमरी धरली. बोल साधेच, कुणाची तरी वाट बघण्याचे. एकच ओळ त्या निरनिराळ्या तऱ्हेनं म्हणत होत्या आणि दर वेळी शेवट अधांतरी सोडत होत्या. गफूरमियाँची सारंगी तो हलकेच उचलायची. मी मान हलवत होतो, अंमलदार साहेबांनी बघावं म्हणून जरा जास्तच.

आणि एकदा त्यांनी ओळ अशी काही वर नेली की तिथंच त्यांचा श्वास संपला. शेवट सुटला. गफूरमियाँचा सारंगीवरचा गज क्षणभर मागं राहिला. तेवढ्यात माझ्या कानापाशी नानांनी झील उचलली.

देवळातला आवाज तो. उघड्या गळ्याचा. अख्खी खोली भरून गेली. बाईनं जिथं सोडलं होतं तिथूनच त्यांनी धरलं, वर नेलं आणि समेवर अलगद आणून ठेवलं. शब्द नीट कळले नव्हते, तरी सूर नेमका. एक व्यापारी तोंडावर रुमाल धरून हसला. अंमलदारांनी वळून आधी नानांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

रहमतबाई नानांकडं बघत होत्या. रागानं नव्हे, हे मला तेव्हाही दिसलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, नानांकडं तोंड करून, आणि पुन्हा तिथंच सोडली. गफूरमियाँनी गज तारांवरून उचलून मांडीवर आडवा ठेवला. दोघं थांबले होते. नानांनी श्वास घेतला.

मी त्यांचा दंड धरला. "नाना, उठा. उठा म्हणतो ना!"

त्यांचा घेतलेला श्वास तसाच राहिला. ते उठले. सगळ्यांना हात जोडत, माणसांच्या गुडघ्यांना अडखळत माझ्यामागं आले. मागं वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

जिन्यावर अंधार होता. चार पायऱ्या उतरल्यावर नाना म्हणाले, "काय झालं रं? माझं काय चुकलं?"

मी पुढं उतरत राहिलो.

अजून चार पायऱ्या. मग ते थांबले. अगदी हळू आवाजात विचारलं, "सूर लागला न्हवता का?"

बैठकीचा कायदा समजावून सांगायचा माझ्यात धीर नव्हता. अंमलदारांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. हा विषय इथंच तुटावा एवढंच मला पाहिजे होतं. मी म्हणालो, "न्हाई लागला. पार बेसूर झालात. चला आता."

नाना "बरं" म्हणाले. भिंतीला हात लावत बाकीचा जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं निघाले. पूजेची काळजी लागलीय म्हणाले. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून मला तब्येतीला जप म्हणून सांगत होते. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. खोलीवर आलो, त्यांचा हुरडा खाल्ला आणि झोपलो.

पुढं राज्यांची नव्यानं वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्याकडं गेला. आमचे कागद पेटाऱ्यांत भरून निघाले आणि त्यांच्यामागून मीही परभणीच्या कचेरीत आलो. मधे सणावाराला घरी जात होतो, पण सोमवार कधी गाठला नव्हता. बदली झाल्यावर एका सोमवारी मुक्कामाला राहिलो आणि नानांबरोबर देवळात गेलो. दाजीबा बुवांनी चरण म्हटला, सोडला. मागच्यांनी झील धरली, पण ती बुटकी, दबलेली. मी नानांकडं बघितलं. ते टाळ वाजवत होते, नेमानं, संथ ठाय लयीत. तोंड मिटलेलं.

भजन झाल्यावर बुवांनी मला बाजूला घेतलं. "दत्तू, नाना हैद्राबादहून आले तवापसून हे असंच हाय बग. इचारलं तर म्हनत्यात, माझा सूर गेला. आरं, कुटं गेला? तू तरी इचार की. त्यांच्याबिगर मला वर चढवंना झालंय."

दोन-अडीच वर्षं! मला ते माहीत नव्हतं. एका वाक्यानं एवढं होतं? मला वाटलं होतं, विसरले असतील. घरी जाताना मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी तुमचा सूर बरोबर होता."

नाना चालता चालता हसले. "मन राखायलास व्हय माझं? राहू दी. वय झालं की जातो सूर. येकांद्यानं सांगावं लागतं, आपल्याला कळत न्हाई. तू सांगितलंस, बरं केलंस. न्हाई तर मी आपला बसलो आसतो देवापुडं बेसूर वरडत."

मी तो विषय तिथंच सोडला.

माझी नात पुण्याला नोकरी करते. मागच्या खेपेला सांगत होती, शनिवारी ते सगळे गाणं ऐकायला जातात, तिथं गाणारा मधेच थांबतो आणि माईक लोकांपुढं धरतो. "मग आम्ही सगळे गातो, आजोबा! घसा बसेपर्यंत." मी विचारलं, "आणि सूर बिघडला तर कुणी काही म्हणत नाही?" ती हसायला लागली. "कोण म्हणणार? त्यासाठीच तर जातो!" तिला वाटलं, म्हाताऱ्याला हे पसंत नाही. मला एवढंच वाटत होतं की नाना जरा लवकर जन्मले. छे, तेही खरं नाही. नाना वेळेवरच जन्मले होते. गाणारी थांबली होती, सारंगी थांबली होती. थांबला नाही तो मीच.

परभणीला बदलून आल्यानंतरच्या माघात जुन्या कागदांच्या कामासाठी मला हैदराबादला जावं लागलं. काम उरकून मी तडक मेहबूब की मेहंदीत गेलो. खिडक्या आणखी विझल्या होत्या. रहमतबाई मोहल्ला सोडून बहिणीकडं दुसऱ्या गावी गेल्या होत्या. गफूरमियाँ लाडबाजारात बांगड्यांच्या एका दुकानात बसलेले सापडले. नखं बरी झाली होती. सारंगी वाजवायचं बंद झाल्याची खूण ती. मी ओळख दिली. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंही नाही, एकदम विचारलं, "वो बुजुर्ग कैसे हैं?"

मी उलट विचारलं, "उस दिन उनका सूर?"

"अरे मियाँ, बाल बराबर नै हिला! मेरे मुँह का निवाला छीन लिये थे. मैं तो गज रख के बैठ गया. बाई तीन रोज उन्हीच की बात करते बैठे. कहते थे, उम्रभर में पहली बार कोई मेरे पीछे खड़ा हुआ." मग जरा थांबून म्हणाले, "आप उठा के काइकू ले गये?"

मी बांगड्यांकडं बघत राहिलो. त्यांनी चहा मागवला. तो पिऊन मी निघालो.

परभणीला उतरून घरीही न जाता मी बोरी गाठली. दुपारची वेळ. नाना देवळाच्या ओवरीत चिंच लावून समया घासत बसले होते. मी समोर बसलो आणि गफूरमियाँचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. नानांचा हात थांबला.

"आसं म्हनले?"

"व्हय, नाना."

"बाई बी आसं म्हनल्या?"

"व्हय. तीन दिवस तुमचंच बोलत होत्या."

नानांचा चेहरा असा उजळला! एवढ्या वर्षांत तसा बघितला नव्हता. ओठ हलले, आतल्या आत त्यांनी ती ओळ जुळवून बघितली असावी. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा. आणि तेवढ्यात त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते विचार करायला लागले. "मंग त्या जिन्यावर तू..." म्हणाले आणि माझ्याकडं वळले.

आता मागं फिरायला वाट नव्हती, आणि मला फिरायचंही नव्हतं. "मी खोटं बोललो होतो, नाना. सूर लागला होता, मला कळला होता. लोक हसले म्हणून मला लाज वाटली. तुमची लाज वाटली."

नानांनी समई खाली ठेवली. मला वाटलं, आता थोबाडीत देतील. द्यावी, असं फार वाटलं. त्यांनी चिंचेचे हात धोतराला पुसले आणि माझ्या पाठीवरून फिरवले.

"एवड्या लांब जाऊन त्या म्हाताऱ्याला पढवून आलास व्हय? आन वरून सवताला खोटं म्हनवून घ्यायलास, बापासाटी? येडा का खुळा तू? आरं, माझा सूर जाईल, उद्या मी बी जाईन. पन माझा दत्तू बापाला खोटं सांगंल व्हय कदी?"

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ते हसत हसत समई घासायला लागले.

त्या सोमवारी मी भजनाला थांबलो. दाजीबा बुवांनी चरण सोडून मागं बघितलं, नाना टाळच वाजवत होते. बुवांना राहवलं नाही, त्यांनी भजन थांबवलं. "नाना, पाया पडतो तुमच्या. येकदा धरा की झील."

नाना म्हणाले, "सूर ऱ्हायला न्हाई बुवा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं, कौतुकानं म्हणाले, "ह्याला इचारा. हैद्राबादचं मोठमोठं गानं ऐकून आलेला हाय माझा दत्तू. आपल्यात कुनाला कळंना, पर ह्याला कळतंय. सांग रं, दत्तू."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं. नानांचा हात खांद्यावर तसाच होता. आवाज फुटला नाही, मान आपोआप खाली गेली, आणि सूर गेल्याला तो माझा होकार समजून बुवांनी पुढचा चरण धरला.